एवढ्याशा चुकीची केवढी शिक्षा?

बरेच महिने इथे काही लिहिलं नाही. अर्धवट लिहून सोडून द्यायची माझी सवय नेहमीच्या वाचकांना माहीत आहेच. पण आज लिहायलाच हवं, कारण भाऊबीजेला जेवणं झाल्यावर काकांशी वाद झाला आणि तो अर्ध्यावरच राहिला. काकू म्हणाल्या, "सणासुदीचं कशाला आता?" आणि मग सगळे पान खाऊन गप्प बसले. काका, तुम्ही हे वाचता (आणि शुद्धलेखनाच्या चुका फोन करून सांगता), तेव्हा उरलेला वाद इथे घालते.

वाद एका कादंबरीवरून होता. दक्षिण आफ्रिकेचे लेखक जे. एम. कुट्सी यांची 'डिसग्रेस'. १९९९ साली आली आणि त्याच वर्षी तिला बुकर मिळालं. कुट्सींना १९८३ मध्येही बुकर मिळालेलं होतं, आणि दोनदा बुकर मिळवणारे ते पहिले लेखक. २००३ साली नोबेल मिळालं. पुस्तक तसं लहानच आहे, दोन-तीन बैठकींत संपतं. मीच काकांना वाचायला दिलं होतं. चार दिवसांत वाचून काढलं त्यांनी, आणि परत देताना एका वाक्यात निकाल लावला, "पुस्तक उत्तम आहे गं, पण एवढ्याशा चुकीची केवढी शिक्षा त्या माणसाला!"

हे वाक्य मी आजवर निदान पाच-सहा जणांकडून ऐकलंय. सगळे भले लोक, वाचणारे. आणि २००४ साली पहिल्यांदा वाचली तेव्हा मीसुद्धा जवळपास हेच म्हटलं होतं. त्यामुळे आजचा राग थोडा काकांवर आणि बराचसा स्वतःवर आहे, हे आधीच सांगून टाकते.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. (शेवटही सांगणार आहे. आधी पुस्तक वाचायचं असेल तर इथेच थांबा, मी रागावणार नाही.)

डेव्हिड लुरी हा केप टाउनमधल्या एका विद्यापीठात प्राध्यापक. वय बावन्न, दोन घटस्फोट झालेले. वर्ड्‌स्वर्थ आणि बायरन हे त्याचं प्रेम, पण विद्यापीठाची फेररचना झालीये आणि त्याला 'कम्युनिकेशन्स' नावाचा नावडता विषय शिकवावा लागतो. रोमँटिक कवींचा एक वर्ग तेवढा वाट्याला उरलाय. त्या वर्गातली मेलनी आयझॅक्स, विशीची मुलगी. तिच्याशी तो संबंध ठेवतो. तक्रार होते, चौकशी समिती बसते, नोकरी जाते. मग तो ईस्टर्न केपमध्ये, सेलमजवळ शेती करणाऱ्या आपल्या मुलीकडे, लूसीकडे जाऊन राहतो. तिथे एक दिवस तिघं जण घरात शिरतात. लूसीवर बलात्कार करतात. लुरीला संडासात कोंडतात आणि अंगावर स्पिरिट ओतून पेटवतात. लूसी पोलिसांना चोरीचं सांगते, बलात्काराचं सांगत नाही. तिला दिवस जातात आणि ती मूल ठेवायचं ठरवते. पूर्वी तिच्याकडे कामाला असलेला पेट्रस आता शेजारचा जमीनमालक झालाय. तिघांतला सर्वांत लहान पोरगा त्याच्या नात्यातलाच निघतो. तरीही लूसी तिथून हलत नाही. जमीन पेट्रसच्या नावे करून, कागदोपत्री त्याची बायको होऊन, त्याच्या आसऱ्यानं राहायला तयार होते.

आता काकांच्या 'एवढ्याशा चुकी'कडे येऊ.

लुरी स्वतःला बायरनच्या पंगतीत बसवतो. समितीपुढेही तो प्रेमदेवतेनं आपल्याला झपाटलं अशा थाटात बोलतो. पण त्यानं प्रत्यक्षात काय काय केलं याची यादी करा. मेलनीचा पत्ता आणि फोन नंबर त्याला विद्यापीठाच्या नोंदींतून मिळतो. ती वर्गाला येईनाशी होते तेव्हा तो हजेरीपटावर तिची हजेरी लावतो. तिनं न दिलेल्या परीक्षेचे तिला सत्तर मार्क देतो. तिच्या राहत्या जागी न सांगता जाऊन थडकतो. त्या दुपारी तिला हे अजिबात नकोय हे त्याला कळतं. बलात्कार हा शब्द त्याच्या मनात येतो, तो शब्द तो बाजूला सारतो, आणि तरीही तिला हे नकोच होतं हे स्वतःशी कबूल करतो.

काका, यात बायरन कुठे आहे? यात हजेरीपट आहे, मार्क आहेत, ऑफिसातल्या नोंदी आहेत. रस्त्यावरच्या कुठल्या बावन्न वर्षांच्या गृहस्थाला विशीच्या मुलीची हजेरी लावता येते? जी गोष्ट त्याला 'वासना' वाटते ती चालते खुर्चीच्या जोरावर. खुर्ची काढून घ्या, मग मेलनीनं त्याच्याकडे दुसऱ्यांदा वळूनही पाहिलं नसतं. "पण तिनं स्पष्ट नाही म्हटलं का?" असं आमच्या दादानं त्या दिवशी विचारलं. अरे, ज्याच्या हातात मार्क आहेत त्याला 'नाही' म्हणायला काय लागतं हे तुला तुझ्या ऑफिसात अप्रेझलच्या महिन्यात कळत नाही का?

आणि मेलनी ही पहिली नव्हे. कादंबरी सुरू होते ती सोरायापासून. दर गुरुवारी दुपारी पैसे देऊन तो तिच्याकडे जातो, आणि मनाशी समजतो की तिलाही आपल्याबद्दल थोडी माया असेल. एकदा ती त्याला बाजारात तिच्या दोन मुलांबरोबर दिसते. त्यानंतर ती हळूहळू हे काम बंद करते. मग हा काय करतो, तर पैसे देऊन तिचा शोध काढवतो आणि तिच्या घरी फोन करतो. ती बिचारी घाबरून, चिडून सांगते की इथे पुन्हा कधीही फोन करू नका. पहिल्या काही पानांतला हा प्रसंग आपण भर्रकन वाचून पुढे जातो. मी तर २००४ मध्ये विसरूनच गेले होते. पण पुढचं सगळं तिथेच लिहिलेलं आहे. समोरच्या बाईनं आखलेली रेघ आपल्यासाठी नाही, ही त्या माणसाची सवय आहे. नोकरीमुळे त्या सवयीला आयती सोय झाली इतकंच.

पण काकांचा सगळ्यांत जोरदार मुद्दा वेगळा होता, आणि तो मला मान्य करायलाच हवा. ते म्हणाले, "समितीपुढे त्यानं एका झटक्यात आरोप मान्य केले. वकिली केली नाही, रडारड केली नाही. त्या समितीला पश्चात्तापाचं नाटक हवं होतं, ते त्यानं केलं नाही. याला मी ताठपणा म्हणतो." खरं आहे. दक्षिण आफ्रिकेत १९९६ पासून सत्य आणि सलोखा आयोगापुढे जाहीर कबुल्या चालल्या होत्या, त्याची सावली या प्रसंगावर आहे. माणसाच्या मनात खरा पश्चात्ताप आहे की नाही हे समितीनं तपासावं का, हा प्रश्न रास्तच आहे. कुट्सी समितीलाही सोडत नाहीत.

पण त्या प्रसंगात आणखी एक गोष्ट घडते, ती तुमच्या नजरेतून सुटली. लुरी आरोप मान्य करतो तो मेलनीचा जबाब न वाचता. कागद समोर आहे, वाचायला सांगितलंय, आणि तो वाचत नाही. वाचायची गरजच नाही, मी दोषी आहे, पुढे चला. आपल्या घराघरांत हे चालतं. "बरं बाई, चुकलं माझं, झालं?" हे आपण कधी म्हणतो? समोरच्याचं बोलणं थांबवायचं असतं तेव्हा. लुरीची कबुली ही त्या जातीची आहे. आणि गंमत बघा (गंमत कसली!), सगळी कादंबरी लुरीच्या नजरेतून सांगितलेली असल्यामुळे, त्यानं जबाब वाचला नाही म्हणून आपल्यालाही तो वाचायला मिळत नाही. मेलनीनं काय लिहिलं होतं ते शेवटपर्यंत कुणालाच कळत नाही. त्याचं दुःख, त्याचं संगीत, त्याचं बायरनवरचं अर्धवट ऑपेरा, त्याचा भाजलेला कान हे सगळं आपल्याला पानोपानी माहीत. तिच्या वाट्याला शांतता. मग आपल्याला दया कुणाची येणार? ज्याचं ऐकलं त्याचीच.

म्हणून मी म्हणते की 'एवढीशी चूक' हे वाक्य म्हणजे आपण वाचकांनी लुरीच्या बाजूला बसून तो जबाब न वाचताच बंद करणं आहे.

यात नाती किती मोडली ते मोजा. मेलनीचे वडील जॉर्ज नावाच्या गावात शाळेचे मुख्याध्यापक आहेत. मुलगी शिक्षण सोडायचं म्हणतेय म्हणून काळजीनं ते फोन करतात. कुणाला? लुरीलाच! त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नसतं. तुमच्याबद्दल तिला आदर आहे, तुम्ही तिला समजावा, असं ते विनवतात. मला हा फोन पहिल्या वाचनात आठवणीतही राहिला नव्हता. या वेळी पुस्तक बाजूला ठेवून उठावं लागलं. माझ्या बाबांनी माझ्या काळजीपोटी एखाद्या सरांना असा फोन केला असता तर? बाप आणि मुलगी यांच्यामध्ये आता ती गोष्ट कायमची बसली. एकाच्या हातातल्या अधिकारामुळे दोघांचं नातं बिघडतं असं वाटतं, पण ते दोघांवर थांबत नाही.

आता दुसरं वाचन, ज्याचा मला जास्त राग येतो. हे आमच्या आत्यांचं. "बापानं दुसऱ्याच्या मुलीचं वाटोळं केलं, ते त्याच्या मुलीच्या वाट्याला आलं. देव बघत असतो." आत्या, तुमच्यावर माझा जीव आहे, पण हे फार भयंकर वाक्य आहे. बलात्कार लूसीवर झाला. गर्भ तिच्या पोटात. शेत तिचं गेलं. आणि शिक्षा कुणाला झाली म्हणता, तर तिच्या बापाला? म्हणजे लूसीचं शरीर हे लुरीच्या हिशेबाची वही झालं की! लूसी स्वतः कादंबरीत हेच बापाला सुनावते. तुम्ही असे वागता की माझं सगळं आयुष्य तुमच्याच गोष्टीचा भाग आहे, तुम्ही नायक आणि मी कुठेतरी मधेच येणारं दुय्यम पात्र, अशा अर्थाचं ती बोलते. कर्मफळाचं वाचन तिला पुन्हा दुय्यम पात्र करून टाकतं.

हल्लेखोर काळे, लूसी गोरी. यावरून दक्षिण आफ्रिकेत मोठा वाद झाला. २००० साली सत्ताधारी एएनसीनं मानवी हक्क आयोगापुढे माध्यमांतल्या वंशवादाबद्दल बोलताना या कादंबरीचा दाखला दिला होता. तो वाद आपल्या घरात बसून मिटवण्याइतकी माझी लायकी नाही. पण एक दिसतं. हल्ल्यानंतर सत्ता लुरीच्या हातात उरलेली नाही, पेट्रसच्या हातात आलीये. पेट्रस आपल्या माणसाला पाठीशी घालतो, गोष्ट मोघम करतो, झालं गेलं म्हणतो. आणि लुरीला काय हवंय? पेट्रसनं त्या कृत्याला त्याचं खरं नाव द्यावं, तो शब्द तोंडानं उच्चारावा! केप टाउनमध्ये मेलनीच्या बाबतीत जो शब्द त्यानं स्वतःच्या मनात बाजूला सारला होता, तो आता दुसऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायची त्याची धडपड चाललीये. अधिकार ज्याच्या हातात असतो त्याला शब्द मोघम ठेवणं परवडतं. हात रिकामे झाले की नेमका शब्द हवासा वाटतो. पेट्रस वाईट आणि लुरी बरा, किंवा उलट, असं यातून निघत नाही.

लूसीशी त्याचं नातं का तुटतं? हल्ल्यामुळे नाही. हल्ल्यानंतर ती गप्प आहे, आणि त्याला तिनं बोलायला हवंय, त्याच्या पद्धतीनं. तक्रार कर, शेत विक, हॉलंडला जा. सगळं तिच्या भल्याचंच, बापाच्या मायेनंच. पण विचारणं नाही, सांगणं आहे. एके ठिकाणी तो स्वतःशी मान्य करतो की त्या पुरुषांच्या जागी आपण स्वतःला कल्पू शकतो, पण त्या बाईच्या जागी? तिथे त्याची गाडी अडते. कादंबरीतला मला सर्वांत प्रामाणिक वाटलेला क्षण हाच.

काका म्हणतील, अगं पण शेवटी तो बदलला ना! आयझॅक्सच्या घरी जाऊन माफी मागितली, त्या बायकांपुढे गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं. हो, लावलं. कुणापुढे? मेलनीच्या आईपुढे आणि धाकट्या बहिणीपुढे. त्याआधी माफी मागितली ती वडिलांची. मेलनी त्या घरात नव्हतीच. आणि त्या धाकट्या बहिणीला पाहताक्षणी त्याच्या मनात पुन्हा काय येऊन जातं तेही कुट्सींनी लिहून ठेवलंय, ते विसरू नका. पुढे तो जनावरांच्या दवाखान्यात बेव्ह शॉला मदत करतो, मेलेल्या कुत्र्यांचे देह स्वतः भट्टीपर्यंत नेतो, त्यांची विटंबना होऊ नये म्हणून. ते वाचताना माझेही डोळे भरून आले. त्याची करुणा खोटी नाही. पण कुत्रं त्याला काही विचारत नाही. त्याच्यावर माया करायला त्याचं ऐकून घ्यावं लागत नाही.

लूसीशी थोडं जुळतं ते अगदी शेवटी, आणि कसं जुळतं बघा. तो वेगळीकडे खोली घेऊन राहतो. एक दिवस गाडी लांब उभी करून चालत येतो. ती फुलांच्या वाफ्यात काम करत असते. तो लांबूनच बघत राहतो. मग ती त्याला चहाला बोलावते, पाहुण्याला बोलवावं तसं. बाप म्हणून असलेला हक्क त्यानं खाली ठेवला तेव्हा कुठे एक कप चहा मिळाला. पुस्तकात दुरुस्त होणारं नातं बहुधा हे एकच.

आता माझं सांगते, म्हणजे हा राग कुठून येतोय ते कळेल.

माझी एक मैत्रीण होती. नाव, गाव, विषय काही सांगणार नाही, तिची गोष्ट तिची आहे. ती पीएचडी करत होती. एका संध्याकाळी माझ्या खोलीवर येऊन तिनं तिच्या गाइडबद्दल मला सांगितलं. सगळं नाही, सुरुवात केली होती फक्त. आणि मी विचारलं, "पण मग तू गेलीसच कशाला त्यांच्या घरी?" एवढंच. वाईट हेतूनं नाही विचारलं. पण ती तिथेच थांबली, चहा संपवला आणि गेली. विशाखा निकाल १९९७ मध्येच आलेला होता. आमच्या विभागात अशी काही समिती असते हे कुणाच्या गावीही नव्हतं, आणि २०१३ चा कायदा तर फार लांब होता. तिनं पीएचडी सोडली. पुढे तिचं माझं बोलणं कमी होत होत संपलं. सर रीतसर निवृत्त झाले, निरोपसमारंभाला मीही होते. टाळ्या वाजवल्या.

तेव्हा काका, नातं फक्त त्या सरांनी मोडलं नाही. मीही मोडलं, एका प्रश्नानं. तिचा जबाब मी वाचलाच नाही. वर त्यानंतर दोन-तीन वर्षांनी 'डिसग्रेस' वाचून 'बिचारा लुरी' म्हणत बसले, आणि तिची एकदाही आठवण आली नाही!

हे इथे लिहितानाही मला कळतंय की मी आयझॅक्सच्या घरी कपाळ टेकतेय. जिची माफी मागायची ती सोडून बाकी सगळ्यांपुढे. म्हणून गेल्या आठवड्यात एका सामायिक मैत्रिणीकरवी निरोप पाठवला, मी तुला पत्र लिहिलं तर चालेल का, असा. अजून उत्तर नाही. येईलच असं नाही, आणि न येणं हा तिचा हक्क आहे. मी पुन्हा विचारणार नाही.

काका, पुस्तक परत तुमच्याकडे पाठवतेय. पुन्हा वाचा, आणि वाचताना एवढंच करा, मेलनी पानावर येईल तेव्हा ती काय म्हणतेय यापेक्षा तिला काय म्हणता येत नाहीये तिकडे लक्ष द्या. मग फोन करा. शुद्धलेखनाचं नंतर बोलू.